उघड्या टर्मिनलांवरचं झाकण : पॉवर सप्लायचं कव्हर आणि त्याचं वायरिंग

आजचा विषय ऐकायला किरकोळ वाटेल. पॉवर सप्लायला झाकण लावायचं, त्यात तासभर काय बोलायचं? पण ज्या वस्तूबद्दल आपण बोलणार आहोत, ती ज्या अवस्थेत दुकानात मिळते त्या अवस्थेत घरात वापरण्यासाठी बनवलेलीच नसते. आणि आपण ती नेमकी तशीच वापरतो.

वस्तू तुम्ही पाहिलेली आहे. भोकं पाडलेल्या चंदेरी पत्र्याचा, वीतभर लांबीचा चपटा खोका. एका टोकाला ओळीनं स्क्रू. पुण्यात बुधवार पेठेत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला ढिगानं मिळतो. दुकानदार त्याला नुसतं ‘एसएमपीएस’ म्हणतो. आत २३० व्होल्ट एसी जातात, बाहेर १२ किंवा २४ व्होल्ट डीसी येतात. थ्रीडी प्रिंटरला हाच लागतो, एलईडी पट्ट्यांना हाच, सीसीटीव्हीला हाच, आणि गणपतीच्या आराशीत मखरामागे जो ठेवलेला असतो तोही हाच.

आता त्या नऊ स्क्रूंकडे नीट बघा. बहुतेक ३५० वॅटच्या सप्लायवर क्रम असा असतो: पहिला एल, म्हणजे फेज. दुसरा एन, म्हणजे न्यूट्रल. तिसऱ्याखाली अर्थची खूण. मग तीन वजा, आणि शेवटी तीन अधिक. म्हणजे ज्या पट्टीवर आपण निर्धास्तपणे १२ व्होल्टच्या वायरी हाताळतो, त्याच पट्टीवर, चार बोटं अंतरावर, घरातली सगळी वीज उघडी बसलेली आहे. वर एक पारदर्शक प्लॅस्टिकची झडप असते. ती बोटानं उचलता येते, महिन्याभरात निघून पडते, आणि बऱ्याच सप्लायना ती येतच नाही.

यात बनवणाऱ्याचा दोष काढण्यात अर्थ नाही. हा खोका म्हणजे उपकरण नव्हे, उपकरणाचा एक भाग आहे. तो कुठल्या तरी कॅबिनेटच्या आत बसेल, कॅबिनेटला दार असेल, दाराला कुलूप असेल, असं धरूनच त्याची रचना केलेली असते. आपण तो भाग उचलतो आणि टेबलावर ठेवतो. कॅबिनेटनं जे काम करायचं ते आता कुणीच करत नाही.

घरगुती थ्रीडी प्रिंटरच्या इतिहासात हे फार स्पष्ट दिसतं. २००५ साली इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठात एड्रियन बोयर यांनी रेपरॅप प्रकल्प सुरू केला, तेव्हापासून लोक घरी प्रिंटर जोडू लागले. पुढे २०१२ मध्ये योसेफ प्रूसा यांचं आय-थ्री डिझाइन आलं आणि त्याच्या असंख्य नकला निघाल्या. स्वस्त किटमध्ये सप्लाय तसाच उघडा यायचा, सोबत एक वायर आणि पिन. मग लोकांनी स्वतःच त्याच प्रिंटरवर झाकणं छापायला सुरुवात केली: सप्लायच्या टोकावर टोपीसारखं बसणारं, त्यात मागे कॉम्प्युटरला असतो तसा सॉकेट आणि एक स्विच. आजचं आपलं काम तेच आहे. फक्त ही टोपी कशासाठी आहे याचा नीट विचार बहुतेक ठिकाणी झालेला दिसत नाही, म्हणून आधी तो करू.

झाकणाची कामं तीन. बोट आत जाऊ नये, हे पहिलं. वायर ओढली गेली तरी आतलं काही सुटू नये, हे दुसरं. आणि तिसरं सगळ्यात महत्त्वाचं: समजा आत काही सुटलंच, तरी ती वीज माणसाच्या हाताला लागण्याआधी सप्लाय बंद पडला पाहिजे. पहिल्या कामाकडे सगळे बघतात. दुसऱ्याकडे थोडे. तिसऱ्यासाठी झाकणाच्या प्लॅस्टिकचा उपयोग नाही, ते काम हिरवी वायर करते. आमचं आजचं निम्मं बोलणं या हिरव्या वायरीबद्दल आहे.

तुमच्यापैकी किती जणांना कॉम्प्युटरच्या पत्र्याला किंवा अशा एसएमपीएसला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या आहेत? टेस्टर लावला की त्यातला दिवा मंद पेटतो. मग कोणीतरी सांगतं, ‘थोडा करंट मारतो, पण काही होत नाही.’ हे कुठून येतं ते समजून घ्या. सप्लायच्या आत, बाहेर जाणारा विजेचा गोंगाट दाबण्यासाठी, फेजपासून पत्र्याला एक आणि न्यूट्रलपासून पत्र्याला एक असे दोन छोटे कपॅसिटर लावलेले असतात. पत्रा अर्थला जोडलेला असेल तर त्यांच्यातून येणारा किंचित प्रवाह गुपचूप जमिनीत जातो. अर्थ नसेल तर पत्रा दोघांच्या मधोमध लटकतो, म्हणजे साधारण ११५ व्होल्टवर. प्रवाह अगदी कमी, बहुधा एका मिलिअँपिअरच्याही आत, म्हणून नुसत्या झिणझिण्या. तेवढ्यानं जीव जात नाही, हे खरं. पण त्या झिणझिण्या एक निरोप देत असतात, की या घरात किंवा या वायरीत अर्थ नाही.

आता याच अवस्थेत आत फेजचा स्क्रू ढिला झाला आणि वायर पत्र्याला टेकली तर? फ्यूज उडणार नाही, कारण प्रवाहाला जायला वाटच नाही. सप्लाय चालू राहील, प्रिंटर छापत राहील, आणि पत्रा २३० व्होल्टवर बसून राहील. प्रिंटरची लोखंडी चौकट सप्लायला स्क्रूनं जोडलेली, म्हणजे चौकटही २३० व्होल्टवर. पुढचा माणूस हात लावेल तेव्हा वाट तयार होईल, त्या माणसातून. साधारण १० मिलिअँपिअरच्या पुढे स्नायू आवळले जातात, पकड सोडवत नाही. ५० ते १०० च्या घरात हृदयाचा ठोका बिघडू शकतो. ओल्या हाताला आणि अनवाणी पायाला तिथे पोचायला वेळ लागत नाही.

आणि हिरवी वायर जोडलेली असेल तर? फेज पत्र्याला टेकताक्षणी मोठा प्रवाह अर्थमधून वाहतो, फ्यूज जातो, विषय संपतो. हो, पण किती मोठा, हे घराच्या अर्थिंगवर ठरतं. हिशेब सोपा आहे. खड्ड्याचा रोध २० ओम धरा. २३० भागिले २०, म्हणजे साडेअकरा अँपिअर. ५ अँपिअरचा फ्यूज उडेल. पण उन्हाळ्यात खड्डा कोरडा पडला, वर्षानुवर्षं कोणी त्यात पाणी घातलं नाही, रोध १०० ओम झाला, तर प्रवाह २.३ अँपिअर. काहीच उडणार नाही. म्हणून घराच्या बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवा, ज्याला अजून पुष्कळ जण ईएलसीबी म्हणतात. तो फेजनं गेलेला आणि न्यूट्रलनं परतलेला प्रवाह सतत ताडून पाहतो आणि फरक पडला की पडतो. झाकणाच्या विषयात हे कशाला, असं वाटेल. पण झाकण ही साखळीतली एक कडी आहे, साखळी खड्ड्यापर्यंत जाते.

एवढं डोक्यात ठेवून कामाला लागू.

काम सुरू करण्याआधी दोन गोष्टी. पहिली, पिन काढा. स्विच बंद करणं वेगळं आणि पिन भिंतीतून काढणं वेगळं. पिन काढल्यावरही पाच-दहा मिनिटं थांबा, कारण आतले मोठे कपॅसिटर सुमारे ३२५ व्होल्टवर भरलेले असतात. सप्लायचं मूळ खोकं आपल्याला उघडायचं नाहीच, आपलं काम बाहेरच्या पट्टीपुरतं आहे. दुसरी, बाजूच्या भोकातून एक छोटा लाल सरकता स्विच दिसतो का बघा. त्यावर ११५ आणि २३० लिहिलेलं असतं. आपल्याकडे तो २३० वरच हवा. तो चुकून ११५ वर राहिला आणि पिन लावली, तर आतलं सर्किट व्होल्टेज दुप्पट करायला बघतं, म्हणजे साडेसहाशेच्या आसपास, आणि कपॅसिटर फटाक्यासारखे फुटतात. सप्लाय नवा असेल तर हा स्विच न बघता पुढे जाऊच नका, कारण झाकण बसल्यावर तो बहुतेक वेळा दिसतही नाही.

झाकण कशाचं करायचं? प्रिंटर हाताशी असेल तर पीएलए वापरायचा मोह होतो. तो टाळा. पीएलए साठ अंशांच्या आसपास मऊ पडतो. ३५० वॅटचा सप्लाय पूर्ण भारावर पन्नासेक वॅट नुसती उष्णता बाहेर टाकतो, आणि आपल्या मे महिन्यातल्या खोलीचं तापमान त्यात मिळवा. मऊ पडलेल्या झाकणातला सॉकेट एक दिवस पिन ओढताना वायरींसकट बाहेर येईल. पीईटीजी बरा, एबीएस त्याहून बरा. यातलं काहीही ज्वालारोधक नसतं, तसं मुद्दाम बनवलेलं फिलामेंट घेतल्याशिवाय. पत्र्याचं झाकण जळणार नाही, पण मग तो पत्रा स्वतंत्रपणे अर्थला जोडावा लागतो आणि प्रत्येक भोकात रबरी ग्रोमेट लागतो. घरी पहिल्यांदा करणाऱ्यानं जाड भिंतीचं, निदान तीन मिलिमीटरचं प्लॅस्टिक घ्यावं, असं आमचं मत आहे.

भोकांच्या मापाला एक आंतरराष्ट्रीय कसोटी आहे आणि ती मजेदार आहे. प्रयोगशाळेत एक धातूचं सांधे असलेलं बोट ठेवतात, जाडी १२ मिलिमीटर, लांबी ८०. ते कुठल्याही भोकातून घालून आतल्या जिवंत भागाला टेकलं, तर झाकण नापास. तुम्ही घरी करंगळी वापरा. पण घरात लहान मूल असेल तर लक्षात ठेवा, त्याचं बोट १२ मिलिमीटरचं नसतं, आणि त्याच्या हातात स्क्रूड्रायव्हरही असू शकतो. म्हणून टर्मिनलांच्या समोर भोकं नकोतच. हवा लागते ती सप्लायच्या बाकी अंगाला, तिथे पंखा आणि जाळी आहे. झाकणानं ती झाकू नये, एवढंच.

झाकण सप्लायला धरणारे स्क्रू हा एक छुपा धोका आहे. पत्र्याला जी आटे पाडलेली भोकं असतात, त्यांच्या मागे लगेच सर्किट बोर्ड असतो. स्क्रू किती आत गेलेला चालेल हे डेटाशीटमध्ये लिहिलेलं असतं, आणि तो आकडा बहुधा चार-पाच मिलिमीटरचाच असतो. घरात पडलेला लांब स्क्रू पिळून बसवला की तो बोर्डाला भिडतो. झाकणाची जाडी मोजा, तेवढी लांबी अधिक चार मिलिमीटर, बस.

आता सॉकेट. कॉम्प्युटरच्या मागे असतो तोच, सी-१४ नावाचा, १० अँपिअरचा. बाजारात स्विच आणि फ्यूज एकत्र असलेला मिळतो, तो घ्या. स्विच मात्र दोन पोलचा घ्या, म्हणजे फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा. कारण सांगतो. आपल्याकडच्या तीन पिनी सॉकेटला समोरून बघितलं तर अर्थ वर, उजवीकडे फेज, डावीकडे न्यूट्रल, असा नियम आहे. पण किती घरांत तो पाळलेला असतो? जुन्या वायरिंगमध्ये उलटं असणं अगदी नेहमीचं. उलटं असलं की तुमचा फ्यूज न्यूट्रलमध्ये जाऊन बसतो. फ्यूज उडाला, सप्लाय बंद पडला, तुम्ही झाकण उघडून हात घातला, आणि टर्मिनलवर फेज तशीच जिवंत. दोन पोलचा स्विच निदान बंद केल्यावर दोन्ही बाजू तोडतो. तरीसुद्धा, पुन्हा सांगतो, पिन काढल्याशिवाय झाकण उघडायचं नाही.

फ्यूज किती अँपिअरचा? ३५० वॅट भागिले २३० केलं की दीडच अँपिअर येतात, मग दोनचा पुरेल असं वाटतं. पुरत नाही. एक तर सप्लाय स्वतः काही वीज खातो, आणि शिवाय तो वीज सलग न घेता लाटेच्या टोकाशी घोट-घोट घेतो, त्यामुळे वायरीतला प्रत्यक्ष प्रवाह तीन-साडेतीन अँपिअरपर्यंत जातो. लेबलवर तो लिहिलेला असतो, तोच धरा. वर चालू करतानाचा धक्का वेगळा: रिकामे कपॅसिटर क्षणभर कित्येक दहा अँपिअर ओढतात. म्हणून ५ अँपिअरचा, सावकाश उडणारा फ्यूज, ज्यावर आकड्याआधी टी हे अक्षर असतं. आणि जमलं तर काचेचा नको, चिनी मातीचा, वाळू भरलेला घ्या. पाच अँपिअरचा साधा काचेचा फ्यूज ५० अँपिअरपर्यंतच खात्रीनं तोडतो. थेट शॉर्टमध्ये त्याहून पुष्कळ जास्त प्रवाह येतो, आणि मग काच फुटून आत ठिणगी चालू राहू शकते. मातीचा दीड हजार अँपिअरपर्यंत तोडतो. दोघांच्या किमतीत फरक काही रुपयांचा.

वायरींच्या रंगांवर जरा थांबू या, कारण इथे गोंधळ खरोखर जीवघेणा आहे. नव्या पद्धतीत तपकिरी म्हणजे फेज, निळी न्यूट्रल, हिरवी-पिवळी अर्थ. आपल्या भिंतीतल्या वायरिंगमध्ये लाल फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थ. आणि तुम्ही ज्या अमेरिकन माणसाचा व्हिडिओ बघून काम करता, त्याच्याकडे काळी म्हणजे फेज आणि पांढरी न्यूट्रल! वर डीसीच्या बाजूला काळी म्हणजे वजा. एकच काळी वायर, तिचे तीन अर्थ. त्यामुळे रंगावर भिस्त ठेवू नका. एसीच्या बाजूला फक्त तपकिरी, निळी आणि हिरवी-पिवळी वापरा, आणि डीसीच्या बाजूला फक्त लाल आणि काळी. एसीच्या भागात काळी वायर शिरूच द्यायची नाही. हा आमचा स्वतःचा नियम आहे, कुठल्या पुस्तकातला नाही, पण तो पाळून बघा.

वायर एक चौरस मिलिमीटरची, तांब्याची, लवचिक. सॉकेटच्या मागच्या पाती बहुतेक ६.३ मिलिमीटर रुंद असतात, त्यावर बसणारे झाकलेले लग घ्या आणि क्रिंपिंगच्या पान्यानं दाबा. नुसत्या पकडीनं चेपलेला लग हाताला घट्ट लागतो, पण आत धागे मोकळेच असतात. दाबल्यावर लग धरून जोरात ओढा. निघाला तर बरं झालं, आत्ताच निघाला.

सॉकेटच्या फेजच्या पातीवरून, म्हणजे फ्यूजच्या पुढून, स्विचच्या एका पोलला तपकिरी तुकडा. न्यूट्रलच्या पातीवरून दुसऱ्या पोलला निळा. पुष्कळ सॉकेटमध्ये फ्यूज आणि स्विच आतून जोडलेले नसतात, हे दोन तुकडे आपणच घालायचे असतात. स्विचच्या पलीकडून तपकिरी जाते सप्लायच्या एलला, निळी एनला. स्विचमध्ये दिवा असेल आणि तो बंद केल्यावरही पेटलेला राहिला, तर समजा की येणारी आणि जाणारी बाजू उलटी जोडली आहे. अर्थची वायर मात्र स्विचला शिवतही नाही. सॉकेटच्या मधल्या पातीवरून थेट सप्लायच्या तिसऱ्या स्क्रूला.

आणि ही अर्थची वायर इतर दोघींपेक्षा दोन-तीन सेंटिमीटर लांब कापा. उद्या सॉकेट झाकणातून उपसला गेला, तर फेज आधी तुटेल आणि अर्थ सगळ्यात शेवटी. आपल्या तीन पिनी टॉपमध्ये अर्थची पिन लांब असते, तिचं कारणही हेच आहे: आत जाताना ती आधी टेकते, बाहेर येताना शेवटी सुटते. ती पिन मोडून किंवा दोन पिनांच्या अडॅप्टरमध्ये खुपसून जे लोक काम भागवतात, ते काय फेकून देतात हे आता कळलं असेल.

सप्लायच्या स्क्रूखाली वायर कशी धरायची? धागे पिळून, वर सोल्डरचा डाग देऊन स्क्रूखाली घालायची पद्धत आपल्याकडे फार रूढ आहे. नीटनेटकी दिसते, पण चुकीची आहे. सोल्डर मऊ धातू, दाबाखाली हळूहळू पसरतो. आज घट्ट बसलेला स्क्रू चार महिन्यांत ढिला होतो, ढिला सांधा तापतो, तापला की अजून ढिला. त्याऐवजी इंग्रजी वायच्या आकाराचा लग, ज्याला आपले इलेक्ट्रिशियन थिंबल म्हणतात, तो वापरा. अर्थला पूर्ण गोल लग, म्हणजे स्क्रू ढिला झाला तरी निसटणार नाही. सप्लाय प्रिंटरच्या रंगवलेल्या चौकटीवर बसवणार असाल, तर चौकटीलाही वेगळी अर्थ न्या. तिथला रंग खरवडा आणि दातेरी वॉशर घाला. रंगावर घट्ट केलेला स्क्रू म्हणजे अर्थ नव्हे.

डीसीच्या बाजूला धक्क्याची भीती नाही, आगीची आहे. १२ व्होल्टवर ३५० वॅट म्हणजे २९ अँपिअर, गिझरपेक्षा दुप्पट प्रवाह. २४ व्होल्टवर साडेचौदा. त्यासाठी अडीच चौरस मिलिमीटरची वायर घेतली, लांबी एक मीटर धरली, तर जाऊन-येऊन दोन मीटरमध्ये साधारण पाव व्होल्ट आणि तीनेक वॅट वायरीतच जातात. चालेल. तीच वायर १२ व्होल्टच्या पूर्ण भाराला चारपट तापेल, चालणार नाही. तीन-तीन टर्मिनलं दिली आहेत ती भार वाटून घेण्यासाठीच, सगळं एका स्क्रूखाली कोंबू नका. या वायरी झाकणातून बाहेर काढताना वेगळ्या भोकातून, ग्लँड लावून काढा, आणि आत त्या एसीच्या वायरींपासून निदान आठ मिलिमीटर दूर बांधून ठेवा.

आता तपासणी. पिन भिंतीत घालण्याआधी मल्टिमीटर बीपवर लावा. टॉपच्या अर्थ पिनपासून सप्लायच्या पत्र्यापर्यंत, प्रिंटरच्या चौकटीपर्यंत: बीप यायलाच हवा, आणि वायर हलवली तरी तुटता कामा नये. हे करताना सोबतची कॉर्डही तपासली जाते, ते बरंच आहे, कारण स्वस्त कॉर्डमध्ये अर्थची पिन नुसती शोभेची असू शकते. मग टॉपच्या फेज पिनपासून एल स्क्रूपर्यंत: स्विच चालू, बीप. स्विच बंद, शांत. आता स्विच चालू ठेवून फ्यूज काढा. बीप गेला पाहिजे. राहिला, तर फ्यूज फेजमध्ये नाही. शेवटी फेज ते अर्थ आणि न्यूट्रल ते अर्थ: काहीही येता कामा नये. ओळखीच्या इलेक्ट्रिशियनकडे मेगर असेल तर फेज-न्यूट्रल एकत्र करून त्यांच्यात आणि अर्थमध्ये ५०० व्होल्टला मोजून घ्या. एक मेगओमच्या खाली आलं तर काहीतरी ओलं किंवा सोललेलं आहे.

पहिल्यांदा वीज देताना झाकण बसलेलं हवं आणि मध्ये सिरीज बल्ब हवा. प्रत्येक रिपेअरिंगवाल्याकडे तो बोर्ड असतो: शंभर वॅटचा जुन्या पद्धतीचा बल्ब, फेजच्या वाटेत. एलईडीचा चालत नाही. चालू केल्यावर बल्ब क्षणभर लखलखून मंद झाला, की कपॅसिटर भरले, आत शॉर्ट नाही. लखलखीतच राहिला तर पिन काढा. हे प्रिंटर न जोडता करायचं, भार लावला तर बल्ब उगीच पेटलेला दिसेल.

थोडे प्रश्न आले आहेत, ते घेऊ.

एका ताईंनी विचारलंय, मोबाइलच्या चार्जरला दोनच पिना असतात, त्याला अर्थ लागत नाही, मग याला का? चांगला प्रश्न आहे. त्या चार्जरवर चौकोनात चौकोन अशी खूण असते. अर्थ असा की आत इन्सुलेशनचे दोन थर आहेत आणि बाहेर हाताला लागेल असा धातू नाही. तो कारखान्यात तसाच घडवलेला आणि तपासलेला असतो. आपला सप्लाय पत्र्याचा आहे, तो अर्थवर विसंबूनच बनवला आहे. त्यावर प्लॅस्टिकची टोपी घातल्यानं त्याचा वर्ग बदलत नाही, कारण टोपी एका टोकाला आहे आणि पत्रा सगळीकडे.

मंडळाच्या कार्यकर्त्यांचा प्रश्न आहे: मांडवात हे झाकण चालेल का? नाही. हे झाकण कोरड्या खोलीसाठी आहे. भाद्रपदात ताडपत्रीतून पाणी कुठून गळेल सांगता येत नाही. मांडवासाठी पूर्ण बंद, पाण्यापासून संरक्षण असलेला, वायरी आधीच बाहेर काढलेला सप्लाय मिळतो, तोच घ्या. तो जमिनीवर नाही, मुलांच्या हातापलीकडे बांधा, आणि मांडवाच्या बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असल्याशिवाय आरास चालू करू नका. त्याचं टेस्टचं बटण रोज संध्याकाळी आरतीआधी एकदा दाबा. तो पडला पाहिजे.

भाड्याच्या खोलीत अर्थच नसेल तर काय करायचं, असंही विचारलंय. घरमालकाला सांगा, हे पहिलं उत्तर. तोवर? न्यूट्रलच अर्थला जोडून टाकायचा सल्ला कोणी देईल, तो अजिबात ऐकू नका. कुठेतरी न्यूट्रल तुटला की पत्रा थेट फेजवर जातो. आरसीसीबी अर्थ नसतानाही काम करतो, पण तेव्हा तो पडतो तो माणसाला झटका बसायला लागल्यावर, आधी नाही. जीव वाचण्याची शक्यता पुष्कळ वाढते, झटका चुकत नाही. तेवढ्यावर मुलांच्या खोलीत प्रिंटर रात्रभर चालू ठेवावा असं आम्ही म्हणणार नाही.

शेवटचा प्रश्न, एकदा बसवल्यावर परत उघडायचं का? हो. महिन्याभरानं एकदा, पिन काढून, पाच-दहा मिनिटं थांबून, आणि मग दर सहा महिन्यांनी. सगळे स्क्रू पुन्हा आवळून बघा, पहिल्या वेळी एखादा तरी पाव आटा फिरतो. कुठल्या लगचं प्लॅस्टिक तपकिरी पडलं असेल, तर तो सांधा तापतोय. तिथला लग आणि त्यामागची दोन सेंटिमीटर वायर कापून नवीन लावा, नुसता आवळून सोडू नका.